दुकानाची पाटी इंटरनेटवर लावण्यापूर्वी : खानदेशातील छोट्या व्यावसायिकांसाठी पहिली ओळख

अमळनेरमध्ये दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम मी करतो. वह्या तपासता तपासता गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार येऊ लागला आहे : "भाऊ, आपल्याला वेबसाइट करायची आहे, सुरुवात कुठून करू?" विचारणारे कधी केळीच्या वेफरचा छोटा कारखाना चालवणारे यावलकडचे जोडपे असते, कधी उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे आणि पापड करणारा पारोळ्याकडचा बचत गट, तर कधी सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा विक्रेता. बहुतेकांच्या मनात वेबसाइट म्हणजे रंगीत चित्रांचे एक पान असते आणि ते कोणाकडून तरी "करून घ्यायचे" असते. करून देणारे गल्लोगल्ली आहेत. मात्र जे केले ते आपल्या नावावर आहे की नाही, हे आपल्याखेरीज कोणी पाहत नाही. त्यामुळे पुढील विवेचनात तांत्रिक भाग गरजेपुरताच आहे आणि मालकी, मजकूर व व्यवहार या तीन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

रूळ आणि गाड्या

इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भुसावळ जंक्शन पाहिलेल्या माणसाला हा फरक समजायला वेळ लागू नये. इंटरनेट म्हणजे रूळ : जमिनीखालच्या आणि समुद्रतळाच्या केबल, मोबाइलचे मनोरे आणि या सर्वांना जोडणारी यंत्रे. या रुळांवरून निरनिराळ्या गाड्या धावतात. ईमेल ही एक गाडी, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश ही दुसरी आणि वेबसाइटची पाने वाहून नेणारी वेब ही तिसरी. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी सर्व संगणकांसाठी एकच बोली स्वीकारली, ती आजही वापरात आहे. वेब त्यानंतरची. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. आज वेबसाइट करताना वेब वापरण्याचे कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही, त्याचे मूळ या निर्णयात आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. (आमच्या अमळनेरचे नाव या क्षेत्राशी आधीपासून जोडलेले आहे. १९४५ मध्ये येथे वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी स्थापन झालेली कंपनीच पुढे विप्रो या नावाने संगणक व्यवसायात मोठी झाली.)

आता सुरतेच्या उधना भागात राहणाऱ्या एखाद्या खानदेशी माणसाने आपल्या मोबाइलवर तुमच्या वेबसाइटचे नाव टाकले, तर काय घडते ते पाहू. संगणकांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून त्याचा मोबाइल आधी एका मोठ्या निर्देशिकेला विचारतो की, या नावाच्या वेबसाइटचा आकडी पत्ता कोणता? या निर्देशिकेला डीएनएस म्हणतात. पत्ता मिळाल्यावर मोबाइल त्या पत्त्यावरील संगणकाकडे पान मागतो. तो संगणक, म्हणजे सर्व्हर, मुंबईत असेल किंवा सिंगापूरलाही असेल. सर्व्हर ते पान लहान लहान तुकडे करून पाठवतो आणि सुरतेतला मोबाइल ते तुकडे जोडून पडद्यावर दाखवतो. या साऱ्याला एखाद-दुसरा सेकंद लागतो.

या साखळीत तुमच्या खिशाशी संबंधित तीन वस्तू आहेत आणि त्या तिन्ही सुट्या सुट्या आहेत. नाव, म्हणजे डोमेन. जागा, म्हणजे होस्टिंग. आणि त्या जागेवर उभारलेले दुकान, म्हणजे प्रत्यक्ष पाने. वेबसाइट करून देणारा या तिन्हींची एकच मोट बांधून एकच रक्कम सांगतो. अशा वेळी तिन्हींचे दर वेगवेगळे लिहून मागावेत.

वेबसाइट प्रत्येकाला लागत नाही

या विषयाला न शोभणारे, पण खरे मत आधी सांगतो. ज्याचे गिऱ्हाईक चार गल्ल्यांच्या परिघात आहे, अशा किराणा दुकानदाराने, पिठाच्या गिरणीवाल्याने किंवा इस्त्रीवाल्याने वेबसाइटवर पैसे घालू नयेत. त्याने दोन मोफत गोष्टी नीट कराव्यात. पहिली म्हणजे गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद. ही नोंद करताना गूगल बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागते. त्यात पाटी, आजूबाजूचा रस्ता आणि आतला माल दिसला पाहिजे. नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही. "तुमची नोंद बंद होणार आहे, एवढे भरा" असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजावा.

नकाशावरची खूण स्वतः उभे राहून लावावी आणि पत्ता सविस्तर लिहावा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधील दुकानाला नुसती खूण पुरत नाही, मजला आणि गाळा क्रमांक लिहिला नाही तर माणूस खालीच फिरत राहतो. गावातील पत्त्यात "जुन्या स्टँडजवळ" लिहिले तरी चालते, कारण आपली माणसे तसेच विचारतात. मात्र त्यासोबत पिनकोडही हवा. वेळा खऱ्या लिहाव्यात. दुपारी दोन ते चार दुकान बंद असेल तर तसे दाखवावे आणि आठवडे बाजारामुळे सुटीचा वार वेगळा असेल तर तोही नोंदवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. या मोफत अ‍ॅपमध्ये मालाची यादी, छायाचित्रे आणि भाव मांडता येतात, ठरावीक प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवता येतात आणि दुकान बंद असताना आपोआप निरोप जातो. त्यासाठी घरातल्या नंबरापेक्षा वेगळा नंबर घ्यावा. तो नंबर पुढे पाटीवर, पाकिटावर आणि वेबसाइटवर छापला जाणार असतो. वेफरच्या ऑर्डरी मुलाच्या नंबरवर येत असतील आणि मुलगा शिकायला पुण्याला गेला, तर ऑर्डरीही त्याच्यामागे पुण्याला जातात.

मग वेबसाइट कोणाला लागते? ज्याचे गिऱ्हाईक लांब आहे त्याला. खानदेशाच्या बाबतीत हे लांबचे गिऱ्हाईक कोण, याचा विचार केला तर उत्तर सोपे आहे. पुणे, नाशिक, मुंबई आणि सुरत येथे नोकरीधंद्यासाठी गेलेली आपलीच माणसे. त्यांना काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड, नंदुरबारची मिरची आणि धडगावकडचा आमचूर हवा असतो, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर जेवढे पिशवीत मावते तेवढेच मिळते. हे गिऱ्हाईक तुमच्या मालाची तारीफ ऐकायला येत नाही. माल त्याने लहानपणापासून खाल्लेला असतो. त्याला एवढेच हवे असते की, घरी येतो तसाच माल, ठरलेल्या दिवशी, न मोडता मिळेल का.

नाव : इथे घाई करू नये

सर्व खर्चांत नावाचा खर्च सर्वांत कमी आणि महत्त्व सर्वांत अधिक. डॉट इन किंवा डॉट कॉमचे नाव वर्षाला साधारण काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत मिळते. नाव कायमचे विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत घेता येते. पहिल्या वर्षाचा भाव मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून नूतनीकरणाचा भाव आधी विचारावा.

नाव मराठी असले तरी ते बहुधा रोमन अक्षरांत लिहावे लागते आणि घोटाळा तिथेच होतो. 'व' साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. 'ई' साठी कोणी एक आय, तर कोणी दोन ई. 'ळ' ला तर रोमनमध्ये स्वतःचे अक्षरच नाही, त्यामुळे "केळी" लिहिले तर वाचणारा "केली" वाचतो आणि कोणी काय केले याचा विचार करत बसतो. माझी कसोटी अशी आहे : निवडलेले नाव परगावच्या एखाद्या मावशीला फोनवर एकदाच सांगावे आणि तिने ते स्वतः टंकून वेबसाइट उघडून दाखवावी. तिला दुसऱ्यांदा विचारावे लागले तर नाव बदलावे. नावात आडवी रेघ आणि आकडे टाळावेत, कारण तोंडी सांगताना ते हमखास गळतात. देवनागरीतही नाव घेता येते. डॉट भारत ही सोय २०१४ पासून उपलब्ध आहे. पण फोनवर अनेकांना देवनागरी कळफलक लवकर सापडत नाही आणि अशा नावावरचे ईमेल काही ठिकाणी अजून अडतात. त्यामुळे ते घ्यायचेच असेल तर जोडीला घ्यावे, एकमेव नाव म्हणून नव्हे.

आता मालकीविषयी. आमच्या मेहुण्यांचे मसाल्याचे छोटे दुकान आहे. त्यांनी ओळखीतल्या एका तरुणाकडून वेबसाइट करून घेतली आणि पाकिटांवर, बिलबुकावर, टेम्पोच्या मागच्या फळीवर तिचे नाव छापले. तीन वर्षे सारे सुरळीत चालले. नंतर तो तरुण ते काम सोडून नोकरीला गेला. नाव त्याच्या खात्यावर घेतलेले होते, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि ती कोणी उघडली नाहीत. मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे मिळतात, त्यानंतर जबर शुल्क भरून नाव परत घेता येते आणि तेही केले नाही तर ते पुन्हा बाजारात येते. मेहुण्यांना हे कळेपर्यंत नाव दुसऱ्याच कोणी घेतले होते आणि त्या पत्त्यावर परभाषेतल्या जाहिराती दिसत होत्या. तरुणाने फसवले नव्हते, त्याच्या ध्यानातून ते निसटले होते. पण पाकिटांचा तीन महिन्यांचा साठा वाया गेला आणि टेम्पोची फळी पुन्हा रंगवावी लागली.

शेत कसायला दुसऱ्याला दिले तरी सातबारा आपल्या नावावर असतो, तसेच येथे असले पाहिजे. नावाची नोंदणी करणाऱ्या कंपनीत तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलने आणि तुमच्या मोबाइल नंबराने खाते उघडावे. पैसे स्वतःच्या बँक खात्यातून भरावेत आणि पावती धंद्याच्या नावाने घ्यावी. ती खर्चात धरता येते. वेबसाइट करणाऱ्याला कामापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यावर असेल, तर ते आपल्या खात्यात हलवता येते. त्यासाठी ट्रान्सफर कोड लागतो आणि मालक म्हणून तुमचे नाव नोंदलेले असेल तर तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. संबंध चांगले आहेत तोवरच मागून घ्यावा.

जागा आणि बांधकाम

होस्टिंगविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छोट्या वेबसाइटला वर्षाला दीड-दोन हजारांपासून सुरू होणारी साधी सामायिक जागा पुरते. एवढेच पाहावे की सर्व्हर शक्यतो भारतात आहे, वेबसाइटची रोज नक्कल (बॅकअप) घेतली जाते आणि पत्त्याची सुरुवात https अशी करून देणारे सुरक्षा प्रमाणपत्र दरात धरलेले आहे. हे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळते, त्यामुळे त्यासाठी वेगळी मोठी रक्कम मागितली तर कारण विचारावे. ज्यांना स्वतः करायचे आहे त्यांच्यासाठी वर्डप्रेससारखी मोफत साधने आहेत. मोबाइल हाताळता येणाऱ्या माणसाला आठ-दहा दिवस रोज तासभर बसून चार पाने उभी करता येतात. बाहेरून करून घेतल्यास कामाच्या शेवटी सर्व पाने, छायाचित्रे आणि प्रवेशाचे तपशील यांची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये मागून घ्यावी.

पहिल्या वर्षी चारच पाने पुरेत : मुखपृष्ठ, माल आणि भाव, पार्सलचे नियम, आणि संपर्क. पडद्यावर सरकणाऱ्या चित्रांची माळ, आपोआप वाजणारे संगीत आणि उडणारी फुले यांचा मोह टाळावा. सातपुड्यात, अक्राणी-मोलगीकडे नेटवर्क कसे चालते ते ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगायला नको. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र तीन-चार एमबीचे असते. ते वेबसाइटवर टाकण्यापूर्वी लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणावे. अशी दहा छायाचित्रे मिळूनही मूळच्या एकाएवढी होत नाहीत.

मजकूर : काय लिहावे आणि कशाने लिहावे

मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइल-संगणकावर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकलेला असला पाहिजे. ही अट तांत्रिक वाटते, पण ती चुकल्यामुळे मी निदान पाच-सहा वेबसाइट वाया गेलेल्या पाहिल्या आहेत. प्रेसमध्ये माहितीपत्रक छापताना जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की दुसऱ्याच्या मोबाइलवर तो चिन्हांचा कचरा होऊन दिसतो. मग करणारा उपाय म्हणून त्याचे चित्र करून टाकतो. चित्र डोळ्यांना दिसते, पण त्यातील शब्द गूगलच्या शोधात नीट सापडतील याचा भरवसा नसतो, मजकूर निवडून कोणाला पाठवता येत नाही आणि नंबरावर बोट ठेवून फोनही लावता येत नाही. मोबाइलच्या मराठी कळफलकाने टंकलेला किंवा बोलून उमटवलेला मजकूर युनिकोडच असतो, तोच वापरावा. बोलून लिहिताना जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावे लागतात, एवढेच.

शब्द कोणते वापरावेत? गिऱ्हाईक जे शब्द शोधते तेच. कोणीही "उत्कृष्ट दर्जाची पारंपरिक खाद्य उत्पादने" असे शोधत नाही. लोक "ज्वारीचे बिबडे", "खानदेशी काळा मसाला", "जळगाव केळी वेफर" असे शोधतात. आपल्या प्रांताचे नाव काही जण खानदेश लिहितात, काही जण खान्देश. मजकुरात दोन्ही रूपे कुठे ना कुठे यावीत. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकून शोधतात, म्हणून मालाचे नाव एकदा रोमनमध्येही द्यावे. प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक असते आणि शोधाच्या यादीत तेच निळ्या अक्षरांत दिसते. तिथे नुसते "मुखपृष्ठ" असे ठेवू नये, माल आणि गाव लिहावे.

"आम्ही ग्राहकांच्या समाधानाला सर्वोच्च प्राधान्य देतो" हे वाक्य मी आजवर इतक्या वेबसाइटवर वाचले आहे की ते दिसले की पुढचे वाचवत नाही. त्याऐवजी फोनवर गिऱ्हाईक जे विचारते ते लिहावे. बिबड्यांचेच पाहा. ज्वारी दादर, म्हणजे आपल्याकडची देशी, आहे की हायब्रिड? त्यात लसूण आहे का? (चातुर्मासात हा प्रश्न हमखास येतो.) तिखट किती? अर्ध्या किलोत साधारण किती नग येतात? भाजून चांगले लागतात की तळून? किती महिने टिकतात? वेफर असतील तर कोणत्या तेलात तळले? आठवडाभर येणारे सारे प्रश्न फोनशेजारच्या वहीत लिहून ठेवले तर वेबसाइटचा निम्मा मजकूर आपोआप तयार होतो. आमच्या ओळखीच्या बचत गटातील वहिनींनी असेच केले आणि त्यांचे पान गावातल्या कुठल्याही छापील माहितीपत्रकापेक्षा वाचनीय झाले.

छायाचित्रे आपल्याच मालाची असावीत. गॅलरीत किंवा ओट्यावर, सकाळच्या उजेडात, बाजेवर वाळत घातलेले बिबडे जसे दिसतात तसे काढावेत. दुसऱ्याच्या वेबसाइटवरची छायाचित्रे उचलणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो आणि पाकीट फोडल्यावर निघणारा माल वेगळा दिसला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

जळगावची केळी आणि जळगावचे भरीताचे वांगे यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा अभिमान बाळगावा, मात्र मानांकनाचे चिन्ह आपल्या पाकिटावर किंवा वेबसाइटवर लावण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

ऑर्डर, पैसे आणि पार्सल

पहिल्या वर्षी वेबसाइटवर पूर्ण खरेदीची यंत्रणा बसवण्याची गरज नाही. मालाखाली व्हॉट्सअ‍ॅपची कळ द्यावी, गिऱ्हाईक ऑर्डर लिहील, तुम्ही पार्सलखर्चासह रक्कम कळवाल आणि ते यूपीआयने पाठवेल. दिवसाला पाच-सात ऑर्डरींपर्यंत हे सहज निभते. त्यापुढे पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवरच पैसे स्वीकारणारी सेवा, घ्यावा. त्याचे शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी असे पडते, ते भावात धरावे.

पार्सलच्या हिशेबात मात्र अनेकांचा नफा जातो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. कुरिअर कंपन्या हलक्या पण मोठ्या खोक्याला वजनाऐवजी आकारमानाने दर लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला सामान्यतः ५००० ने भागायचे, की किलो मिळतात. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्याचे गणित ३६,००० भागिले ५००० म्हणजे ७.२ किलो येते. त्या खोक्यात वेफर जेमतेम दोन किलो मावले असतील, तरी पैसे सात किलोंच्या वरचे. मसाल्याला ही अडचण येत नाही, कारण तो जड आणि आटोपशीर असतो. म्हणून वेफर आणि बिबडे यांच्यासोबत मसाला किंवा डाळ घेतल्यास पार्सलखर्चात सवलत देणारे संच करावेत. खोक्यातील रिकामी जागा तशीही भरायचीच असते. बिबडे थरांमध्ये कागद घालून उभे न ठेवता आडवे रचावेत आणि सुरुवातीला एक खोके स्वतःच्या नातेवाइकाला पाठवून किती मोडतात ते मोजावे.

भावाशेजारी "पार्सलखर्च वेगळा" एवढेच लिहू नये. पुणे, नाशिक, मुंबई, सुरत यांचे दोन किलो आणि पाच किलोंचे दर लिहून टाकावेत. बिबडे-कुरडया होळीपासून आखाजीपर्यंतच्या उन्हात होतात. त्यामुळे मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख फेब्रुवारीतच वेबसाइटवर द्यावी, म्हणजे पावसाळ्यात "संपले" असे सांगण्याची वेळ येत नाही.

आता माझ्या प्रांतातला विषय. सुरत आपल्याला घरासारखी असली तरी ती गुजरातेत आहे. करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. राज्यातल्या राज्यात असलेली उलाढालीची मर्यादा तिथे कामी येत नाही. काही हस्तकला वस्तूंना सवलत आहे. पापड करमुक्त आहे आणि केवळ करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण त्याच खोक्यात मसाला गेला की गणित बदलते. सुरतेचे पहिले पार्सल पाठवण्याआधी आपल्या कर सल्लागाराला मालाची यादी दाखवावी. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक हवा आणि तो वेबसाइटवरही दाखवावा. पाकीटबंद मालाची किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता हा तपशील जसा पाकिटावर लागतो तसाच वेबसाइटवरही द्यावा लागतो. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार धंद्याचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचा तपशील देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात तिचे निराकरण करणे अपेक्षित आहे. घरगुती धंद्यात ती व्यक्ती म्हणजे तुम्ही स्वतःच, पण नाव लिहिलेले असले पाहिजे.

कुलूप-किल्ली

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात खऱ्या ऑर्डरीच्या आधी बहुधा भामट्यांचे फोन येतात. नेहमीचा प्रकार असा : मोठी ऑर्डर, घासाघीस नाही, बोलणारा स्वतःला लष्करातला सांगतो आणि "आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणतो. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. घरात जे जे कोणी फोन घेते, त्या सर्वांना हे सांगून ठेवावे. तरीही फसगत झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. "तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे" अशी खोटी पत्रेही येतात. अशा पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता आपण ज्या कंपनीत खाते उघडले तिथे स्वतः जाऊन तारीख पाहावी.

धंद्याचा ईमेल वेगळा असावा, त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज मोबाइलवरूनही खात्री करून घेणारी सोय) लावावी आणि त्याचा पासवर्ड इतरत्र कुठेही वापरू नये. नाव, जागा आणि नकाशावरची नोंद या तिन्हींच्या किल्ल्या शेवटी या एकाच ईमेलमध्ये असतात.

एका कोऱ्या कागदावर नावाची नोंदणी कोणत्या कंपनीत आहे, खात्याचा ईमेल कोणता, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे हाताने लिहून तो कागद दुकानाच्या परवान्याबरोबर तिजोरीत ठेवावा. पासवर्ड त्यावर लिहू नये, पण ते कोणाला ठाऊक आहेत ते लिहावे. मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने नोंदवावी. मेहुण्यांनी नवे नाव घेतले तेव्हा हा कागद मी त्यांच्याकडून माझ्यासमोर लिहून घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला, उधारीची वही उघडतानाच, ते आपल्या मोबाइलवर वेबसाइट उघडतात, भाव बदलले असतील तर दुरुस्त करतात, स्वतःच्याच नंबरावर एक खोटी ऑर्डर टाकून ती पोचते का ते पाहतात आणि मग वहीकडे वळतात.